कागदाचा रेनकोट

जानेवारी-फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्षबागेत शिरलात तर वेलींवर द्राक्षं कमी आणि वर्तमानपत्रं जास्त दिसतात. मण्यांत पाणी उतरायला लागलं, की दिवसाचं ऊन आणि रात्रीची निफाडची कडाक्याची थंडी ह्या दोघांच्या भांडणात हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. शेतकरी तिला 'पिंक बेरी' म्हणतात. चवीला काही फरक पडत नाही, पण निर्यातदार तो घड बाजूला काढतो. म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळायचा आणि पिन मारायची. मजुरी लागते, वेळ लागतो, आणि रद्दी लागते ती तर किलोच्या हिशोबात नाही, क्विंटलच्या हिशोबात. मागच्या वर्षीचे क्रिकेटचे निकाल, पुढाऱ्यांचे वाढदिवस, 'वधू पाहिजे', सगळं ओळीने उलटं लटकलेलं असतं. (वाचत वाचत बागेतून फिरायला मजा येते, पण मालकाला ती तितकीशी आवडत नाही.)

पुढे ह्याच बागेतला माल पॅकहाउसमध्ये जातो आणि तिथे त्याची गाठ दुसऱ्या एका कागदाशी पडते. निर्यातीच्या पेटीत घडांवर एक चौकोनी पॅड ठेवतात, 'ग्रेप गार्ड'. वरून दिसायला कागदच. आत सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर आणि कागदावर प्लास्टिकचा पातळ थर. द्राक्षांतून निघणारी वाफ त्या पावडरपर्यंत पोचली की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशीला थोपवतो. पॅडचा एक भाग पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात गॅस सोडतो, दुसरा आठवडेच्या आठवडे सावकाश. हा वेग सांभाळायचं काम त्या थराचं. ओलावा आत किती आणि किती हळू जाऊ द्यायचा हे तो ठरवतो. पेटी उघडल्या उघडल्या नाकात झिणझिण्या आणणारा जो वास येतो ना, तो हाच. हा थर नसता तर युरोपपर्यंतच्या बोटीच्या प्रवासात द्राक्षांचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

आता हे दोन्ही कागद रात्रभर बादलीत भिजत टाका. सकाळी वर्तमानपत्र बोटांनी चोळलं तर लगदा होतो. पॅड मात्र तसंच्या तसं. चार दिवसांनी बघितलंत तरी तसंच. दोघांनाही आपण 'कागद'च म्हणतो, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. म्हणून ह्या वीकेंडला कागदाच्या अंगावरच्या थरांचा इतिहास.

आधी कागदाबद्दल थोडं. कागदात तंतूंना चिकटवायला मुळात डिंक वगैरे लागत नाही, ही गोष्ट इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनही मला कोणी सांगितली नव्हती. झाडाचे, चिंधीचे किंवा तागाचे तंतू पाण्यात कुटून कुटून सैल करायचे, जाळीवर पातळ पसरायचे, पाणी निथळू द्यायचं. वाळता वाळता ते तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरतात. पुन्हा भरपूर पाणी आणि थोडी ढवळाढवळ मिळाली की हात सोडतात. कागदाचा पुनर्जन्म म्हणतात तो एवढाच. दर फेरीत तंतू थोडे आखूड होतात, म्हणून साधारण पाच-सात जन्मांनंतर ते थकतात. पण तोपर्यंत पाणी हीच त्यांची किल्ली. पाणी आत गेलं नाही तर कुलूप उघडत नाही.

ही गोष्ट आपल्याकडच्या कागद्यांना हायड्रोजन बंध न शिकता ठाऊक होती. खुलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेला आणली तेव्हा कागद बनवणारे कारागीर इकडे आले, असं तिथे सांगतात. जुन्नरलाही कागद्यांची वस्ती होती, आणि जुन्नरी व दौलताबादी हे दोन्ही कागद मराठ्यांच्या दफ्तरांत वापरले जात. कच्चा माल काय? जुने दोर, गोणपाट, चिंध्या, आणि रद्दी. म्हणजे 'रिसायकल' हा शब्द इकडे यायच्या शेकडो वर्षं आधी इथला कागद रिसायकलच केलेला होता. त्याला वेगळं नाव द्यायची कुणाला गरज वाटली नाही, इतकंच.

आणि ह्या कागदाच्या अंगावरही थर असायचा, बरं का! नुसता कागद टीपकागदासारखा शाई पितो, बोरूने काढलेलं अक्षर फुटतं. म्हणून वाळलेल्या तावावर पिठाची खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने नाहीतर शंखाने घोटून घोटून त्याला चकाकी आणायची. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा हात ज्या झपाट्याने पळे, त्यात ह्या घोटाईचाही वाटा होता. पण खळ ही शेवटी खळ. पाण्यात टाकली की सुटते. कागदाने अंगावर एक सदरा घातला होता, आणि तो आंघोळीच्या वेळी निघत होता.

दुसरा थर मेणाचा. मेणकागद हा शब्द आपल्या आई-वडिलांना चांगला माहीत आहे. ब्रेड मेणकागदात यायचा आणि तो कागद नखाने खरवडला की पांढरी साल निघायची. पण मेणाच्या कागदाची सगळ्यात चमत्कारिक गोष्ट घडली अमेरिकेत, आणि ती पाण्याच्या पेल्याची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे रेल्वेत, शाळांत, सार्वजनिक नळांवर साखळीने बांधलेला पत्र्याचा एकच पेला असायचा. आला-गेला त्यानेच पाणी प्यायचा, क्षयरोगीसुद्धा. १९०७ च्या सुमारास बोस्टनच्या लॉरेन्स लुएलेन नावाच्या वकिलाने कागदाचा, वापरून टाकून द्यायचा पेला काढला. ह्यू मूर नावाच्या तरुणाने धंदा उभा केला. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने सार्वजनिक ठिकाणच्या सामायिक पेल्यावर बंदी घातली आणि बघता बघता इतर राज्यंही मागे आली. पेल्याचं नाव आधी 'हेल्थ कप', मग १९१९ पासून 'डिक्सी कप'. हा कप विकला गेला तो सोयीपेक्षा भीतीवर. गंमत म्हणजे ती भीती आपल्याला अजिबात नवीन नव्हती. उष्ट्याची भीती! फरक एवढाच, की तिकडे ती जंतूंची होती आणि इकडे जंतूंच्या आधी जातीची. स्टेशनांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा पाट्या होत्या, गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कप वेगळा ठेवलेला असे, आणि मातीचं कुल्हड किंवा पळसाच्या पानांचा द्रोण एकदा वापरून फेकण्यामागे स्वच्छतेइतकंच विटाळाचंही कारण होतं. 'आपले पूर्वज किती पर्यावरणवादी' छापाचे फॉरवर्ड येतात तेव्हा मला हे हटकून आठवतं. असो.

मेणाच्या कपात एक मोठी खोट होती. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. गार पाणी, आईस्क्रीम, सरबत, ठीक. पण उकळता चहा ओतलात तर मेण चहात आणि चहा मांडीवर. कागदाच्या कपात गरम पेय हवं असेल तर मेणापेक्षा चिवट काहीतरी हवं होतं.

ते 'काहीतरी' अपघाताने सापडलं. मार्च १९३३, इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथली आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा. रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली दुसऱ्या एका रसायनाबरोबर तापवत होते. अपेक्षित ते काही झालं नाही, भांड्यात मात्र पांढरा, मेणासारखा पदार्थ चिकटलेला मिळाला. तेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलवर आवरण म्हणून गेलं. युद्ध संपल्यावर एवढ्या पॉलिथिनचं करायचं काय, तर पिशव्या, बादल्या, पाइप, आणि कागदावरचा थर.

थर देण्याची रीत समजून घ्या, कारण पुढची सगळी कटकट तिच्यातच आहे. पॉलिथिन ३०० अंशांच्या आसपास तापवून, वितळलेल्या पडद्यासारखं धावत्या कागदावर सोडतात आणि लगेच थंड रुळाखाली दाबतात. ते कागदाच्या खाचाखोचांत घुसून तिथेच गोठतं. डिंक नाही, काही नाही. शिवाय कप बनवताना त्याच थराला जरा गरम हवा दिली की कडेला कड चिकटते. म्हणजे पाणी अडवणारा आणि शिलाई मारणारा एकच! कारखानदाराला हे का आवडलं हे कळायला एमबीए लागत नाही. आणि पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे चहाला ते दाद देत नाही.

ह्या थराची जाडी कपात साधारण १५ ते २० मायक्रॉन असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग स्वीडनमध्ये रूबेन राउसिंग ह्यांनी १९५१ मध्ये टेट्रा पॅक कंपनी काढली. आधी तिकोनी पुडा, १९६३ मध्ये विटेच्या आकाराचा. दूध-रस फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकवणारा हा डबा म्हणजे सहा थर: वजनात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम. आपल्याकडे १९८५ मध्ये फ्रूटी आली आणि भारतातल्या मुलांनी कागदाच्या खोक्यात स्ट्रॉ खुपसून आंबा प्यायला. इंजिनिअर म्हणून मला त्या खोक्याचं कौतुक वाटतं, अगदी मनापासून. पण सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिल्या वर्षापासून बजावतात, की दोन मॉड्यूल एकमेकांत इतके गुंतवू नका की उद्या एक काढायचं तर दुसरं फाटेल. टाइट कपलिंग. तो डबा म्हणजे टाइट कपलिंगचा आदर्श नमुना आहे. वापरताना उत्कृष्ट, सोडवताना वैताग.

सोडवायची वेळ येते कागद मिलमध्ये. नाशिकहून पेठमार्गे गुजरातेत उतरलं की वापी लागतं. तिथे रद्दीपासून क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, करणाऱ्या बऱ्याच मिल आहेत. अशा मिलमध्ये पहिलं यंत्र असतं पल्पर. घरातला मिक्सर डोळ्यांसमोर आणा, फक्त हौदाएवढा. त्यात रद्दी आणि पाणी टाकून घुसळलं की थोड्याच वेळात साध्या कागदाचा लगदा होतो. कपाचं मात्र तसं होत नाही. त्याच्या एका बाजूने पाणी आतच जाऊ शकत नाही, दुसऱ्या बाजूने हळूहळू मुरतं. ठरलेली वेळ संपते तेव्हा तो अर्धवट भिजलेला, तुकडे झालेला, प्लास्टिकची सालं अंगावर घेऊन फिरत असतो. ती सालं पुढच्या चाळण्यांत अडकतात. चाळणी त्यांना बाहेर टाकते तेव्हा त्यांना चिकटलेले चांगले तंतूही बाहेर जातात. जे बारीक तुकडे निसटतात ते नव्या कागदावर डाग होऊन बसतात, नाहीतर वाळवायच्या गरम रुळांना चिकटून यंत्र बंद पाडतात. मिलवाल्याचं गणित सोपं आहे: ज्या गठ्ठ्यात असा माल मिसळलाय तो गठ्ठा स्वस्तात घ्यायचा, नाहीतर परत पाठवायचा.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. 'प्लास्टिकचा थर दिलेला कागद रिसायकल होऊच शकत नाही' हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. तो वेगळा गोळा केला, जास्त वेळ घुसळला, साल काढायची खास यंत्रणा लावली, तर होतो. मुंबईत २०१० पासून टेट्रा पॅकचे रिकामे डबे काही दुकानांत गोळा करून त्यांपासून शाळेची बाकं बनवण्याचा उपक्रम चालवला गेला. आणि त्यातला दैवदुर्विलास असा, की ह्या कपांतले-डब्यांतले तंतू रद्दीतल्या सगळ्यात उत्तम तंतूंपैकी असतात. खाण्यापिण्याला लागणार म्हणून बहुतेक वेळा पहिल्या धारेचा, कोरा लगदा वापरलेला असतो. त्याचे पाच-सात जन्म शिल्लक असतात आणि तो पहिल्याच जन्मात, दहा मिनिटांच्या चहानंतर, संपतो.

'होऊ शकतं' आणि 'होतं' ह्यांत किती अंतर आहे ते ब्रिटनने मोजलं. तिथे वर्षाला सुमारे अडीच अब्ज कॉफी कप फेकले जात होते, आणि २०१८ च्या जानेवारीत तिथल्या संसदेच्या समितीने जो अहवाल दिला त्यात रिसायकल होणाऱ्या कपांचं प्रमाण ४०० मध्ये एक असं होतं. समितीने कपामागे २५ पेन्सचा कर सुचवला, सरकारने तो मानला नाही. जिथे कचऱ्यासाठी घरोघरी वेगळे डबे आहेत तिथली ही गत!

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दारातून आला. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांचं खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवर फुटलं, २००६ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, रेल्वेमंत्री लालूप्रसादांनी गाड्यांमध्ये कुल्हड आणून बघितलं, पण ते टिकलं नाही. मग २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने मोठी बंदी जाहीर केली. पिशव्या, थर्माकोल, प्लास्टिकचे कप, ताटल्या, सगळं. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर जूनपासून दंड सुरू झाला. आणि रिकाम्या जागेत कोण येऊन बसलं? कागदी कप. टपरीवर, लग्नात, सत्यनारायणाला, आयटी पार्कातल्या कॉफी मशीनपाशी. मी पाहिलेल्या एका ऑफिसात तर भिंतीवर 'आम्ही प्लास्टिकमुक्त आहोत' अशी पाटी लागली आणि तिच्याच खाली कपांची चळत. कोव्हिडनंतर काचेच्या ग्लासाची भीती बसली आणि उरलीसुरली टपरीही कागदाकडे गेली. शंभर वर्षांपूर्वीची डिक्सी कपची जाहिरात पुन्हा चालली म्हणायची.

आता तो मघाचा आकडा आठवा. ५० मायक्रॉनची पिशवी पातळ म्हणून गुन्हेगार, आणि १५-२० मायक्रॉनचा थर मात्र कागदाच्या पाठीवर बसून राजरोस फिरतोय. पिशवी निदान वेचून, धुऊन विकता तरी येते. हा थर कागदापासून सुटत नाही, म्हणून तो प्लास्टिकच्या भंगारात चालत नाही आणि कागदाच्या रद्दीतही नाही. धोब्याचा कुत्रा.

ह्याचा भुर्दंड कोणाला, ते बघा. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातला पहिला शब्द कागद. पोतं भरायचं ते ह्या तीन गोष्टींनी, कारण ह्यांना भाव मिळतो. ज्या दिवशी कचऱ्यातला प्लास्टिकचा ग्लास जाऊन कागदाचा कप आला, त्या दिवशी शहर हिरवं झालं असं आपल्याला वाटलं. कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला मात्र कागदासारखी लागणारी, कागदाचा भाव न मिळणारी वस्तू आली. निवडायला तेवढाच वेळ, हातात शून्य. अशा शून्य भावाच्या वस्तूचं पुढे काय होतं हे पिंपळगावच्या बाजार समितीच्या आसपास टोमॅटोच्या हंगामात बघायला मिळतं. पहाटेपासून पिकअप येतात, शेकडो माणसं, प्रत्येकाचे दोन-तीन चहा. संध्याकाळी कपांचे ढीग झाडून कोपऱ्यात घेतात आणि काडी लावतात. कागदच तर आहे, जळून जाईल!

चहा पिणाऱ्याचाही हिशोब आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपांत ८५ ते ९० अंशांचं गरम पाणी १५ मिनिटं ठेवून बघितलं. १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण सुटलेले मिळाले. शरीरात जाऊन ते नेमकं काय करतात ह्यावर अजून संशोधन चालू आहे, त्यामुळे मी कोणाला घाबरवत नाही. पण पॉलिथिन चहात वितळत नाही म्हणून ते चहात उतरतही नाही, हे जे आपण गृहीत धरलं होतं, ते काही बरोबर नव्हतं.

कायद्याला हे उशिरा का होईना लक्षात आलं. १ जुलै २०२२ पासून देशभर जी एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी लागू झाली तिच्या यादीत कागदी कप नव्हता. पण त्याच महिन्यात महाराष्ट्राने आपल्या नियमात बदल करून प्लास्टिकचा लेप किंवा लॅमिनेशन असलेल्या कागदाच्या कप, प्लेट, ग्लास, वाडग्यांनाही बंदीत घेतलं. तमिळनाडूने हे १ जानेवारी २०१९ पासूनच केलं होतं. तिथले कप बनवणारे कोर्टात गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कपांवरची बंदी उचलून धरली. महाराष्ट्रात बंदी कागदावर आली खरी, पण टपरीवर चहा कशात मिळतो हे तुम्ही रोज बघताच.

तर आता कामाचं. ओळखायचं कसं?

पहिली परीक्षा फाडायची. साधा कागद फाटतो तेव्हा कडेला लव दिसते, तंतू दिसतात. प्लास्टिकवाला फाडताना कागद आधी तुटतो आणि मागून एक पारदर्शक पापुद्रा ताणला जातो. कपाची कड दोन बोटांत धरून सावकाश फाडा, लगेच दिसेल. तो पापुद्रा नखाने उचलून सोलताही येतो.

फाडून कळलं नाही तर पाणी. एक तुकडा कोमट पाण्यात अर्धा-एक तास ठेवा आणि बोटांनी चोळा. लगदा झाला तर कागद. एका बाजूने लगदा निघाला आणि हातात पातळ साल उरली तर ती साल म्हणजेच रेनकोट. ही परीक्षा सगळ्यात भरवशाची, कारण मिलमधलं यंत्र हेच करतं. मेण असेल तर नखाने खरवडल्यावर पांढरी साल निघते आणि गरम पाण्यात वर तवंग येतो. जाळून बघायची पद्धतही लोक सांगतात. प्लास्टिक असेल तर कड आक्रसते, थेंब गळतात आणि विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. पण ती घरात करू नका, आणि फोटो काढायला म्हणून तर मुळीच नको.

चकाकीवर मात्र जाऊ नका. मासिकाचा गुळगुळीत कागद चकचकीत असतो तो चिनी मातीच्या लेपामुळे. ती माती पाण्यात सुटते. म्हणजे आपल्या घोटलेल्या जुन्नरी तावाचीच चुलत बहीण, खुशाल रद्दीत द्या. उलट मिठाईचं खोकं, लग्नपत्रिका, पुस्तकाचं मऊसर मॅट कव्हर ह्यांच्यावर अनेकदा प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते आणि ती अजिबात चमकत नाही. चंदेरी-सोनेरी कागद असेल तर मुठीत चुरगाळा. चुरगाळलेला तसाच राहिला तर ठीक, हळूहळू उलगडायला लागला तर प्लास्टिक. लग्नातल्या त्या चंदेरी 'पत्रावळी' आणि द्रोण ह्या परीक्षेत हमखास नापास होतात. पळसाच्या पानांचा नुसता आकार आणि नाव तेवढं उचललंय.

आणि ज्यावर तेल-तूप सांडलंय तो कागद साधा असला तरी रद्दीत नको. पिझ्झाच्या खोक्याचं कोरं झाकण फाडून द्या, तळ ओल्या कचऱ्यात.

कारखान्यांत आता दोन नवीन थर आलेत. एक पीएलएचा, म्हणजे मका किंवा उसापासून केलेलं प्लास्टिक. त्यावर 'कंपोस्टेबल' लिहितात, पण ते मोठ्या प्रकल्पातल्या ५५-६० अंशांच्या उष्णतेत कुजतं, तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत नाही, आणि कागदाच्या मिलला त्याचाही त्रासच. दुसरा थर पाण्यात मिसळून लावतात, रंगासारखा. तो इतका पातळ असतो की पल्परमध्ये त्याचे तुकडे होतात आणि तंतू मोकळे होतात. त्यातही पॉलिमर असतोच, पण निदान आंघोळीच्या वेळी निघणारा सदरा बनवायचा प्रयत्न पुन्हा सुरू झाला आहे. ह्या दोन्हींपैकी काही असेल तर कंपनी ते मोठ्या कौतुकाने कपावर छापते. त्यामुळे चहा संपला की कप उलटा करून तळ बघा. काहीच छापलेलं नसेल, तर आत पॉलिथिन आहे असं धरून चाला.